तिकडे किती वाजले?

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या इमारतीतलं एकही मूल परदेशात शिकायला नसेल, तर त्या सोसायटीत नक्की काहीतरी बिनसलंय असं आजूबाजूचे लोक धरून चालतात. रिडेव्हलपमेंट अडलेलं असेल, सेक्रेटरी भांडकुदळ असेल, काहीतरी असेलच. आमच्या इमारतीचं खातं माझ्या भाचीने उघडलं. ती एमएस करायला आखेनला गेली आणि घंटाळीपासून राम मारुती रोडपर्यंत आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाचा तेवढ्यापुरता भूगोल पक्का झाला. आखेन जर्मनीच्या पश्चिम टोकाला आहे, पलीकडे बेल्जियम आणि नेदरलँड्स आहेत, तिथे सारखा पाऊस असतो आणि कोथिंबीर महाग मिळते. आमचा इस्त्रीवाला कपडे घेऊन आला की आधी विचारतो, "तिकडे किती वाजले?" कपड्यांचा हिशेब नंतर.

मूल परदेशात एकटं राहतं, ही एक सरकारी समजूत आहे. व्हिसा एकाचा असतो, राहायला अख्खी विंग जाते.

सामानाची सुरुवात गोखले रोडवर झाली आणि शेवट रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यात पुस्तकं किती, तर एकही नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, लसणीची चटणी, सांडगी मिरची, आणि हिंगाची डबी तीन पिशव्यांत गुंडाळून. कोणी काही आणून दिलं की आधीचं काहीतरी बाहेर निघायचं, आणि बाहेर निघायचे ते कायम तिचे कपडे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी घरी कढवलेलं तूप बरणीत भरून आणलं. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, हा नियम भाचीने त्यांना मोबाइलवर मराठीत भाषांतर करून वाचून दाखवला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतला. म्हणाल्या, "अगं, दूध कुठे? तूप आहे."

तूप इथेच राहिलं. आम्ही संपवलं. नियम पाळायला माझी ना नसते.

पैशांची गोष्ट तळमजल्यावरच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना विशेष आवडली. जर्मन सरकार व्हिसा देण्याआधी विद्यार्थ्याला वर्षाचा खर्च एका खात्यात आगाऊ भरायला लावतं. ती रक्कम ११,९०४ युरो. पैसे आपलेच, पण एकदम हात लावायचा नाही. दर महिन्याला ९९२ युरो सुटणार, तेवढ्यात भागवायचं. काका म्हणाले, "असं खातं इथे माझ्या मुलाच्या नावाने काढता येईल का?" त्यांचा मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे. भावोजी मात्र वेगळ्या कारणाने खूश होते. युरो शंभर रुपयांच्या घरात पोहोचल्यापासून त्यांना कॅल्क्युलेटर लागेनासा झाला. दोन शून्यं वाढवली की झालं. भाचीने तीन युरोंची कॉफी प्यायली की इथे हॉलमध्ये कोणीतरी हळूच "तीनशे" म्हणतं.

ऍडमिशनपेक्षा तिकडे खोली मिळणं अवघड. चार जणांनी मिळून एक फ्लॅट घ्यायचा, प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम सामाईक, अशी पद्धत. एक खोली रिकामी झाली की उरलेले तिघे उमेदवारांच्या मुलाखती घेतात. भाचीची मुलाखत नौपाड्यातूनच, व्हिडिओ कॉलवर झाली. ताईने आदल्या दिवशी मागची भिंत रिकामी केली, पडदा धुतला, मुलीला कुर्ता घालायला लावला. सगळा बघण्याचाच कार्यक्रम, फक्त पोहे नव्हते. तिघांनी पत्रिका सोडून सगळं विचारलं. भांडी लगेच घासतेस की साठवतेस? रात्री गाणी मोठ्याने लावतेस का? साफसफाईचं वेळापत्रक दारावर लावलेलं असतं, ते पाळशील ना? आमच्या भाचीने त्या दिवसापर्यंत भांडं घासलेलं कोणी पाहिलं नव्हतं. स्क्रीनच्या कडेला उभी राहून ताई हातवारे करत होती, "हो म्हण, हो म्हण."

होकार आला. ताईने पेढे वाटले. तळमजल्यावरून विचारणा झाली, "मुलगा काय करतो?"

आता त्या फ्लॅटमध्ये एक जर्मन मुलगी, एक जर्मन मुलगा आणि एक पोर्तुगीज मुलगा आहे. सोसायटीसाठी ताईने 'चार मुलींची खोली' अशी अधिसूचना काढली आहे आणि ती अजून मागे घेतलेली नाही.

स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये छताला धुराचा भोंगा आहे. तिकडे घराघरात असा भोंगा लावणं कायद्याने सक्तीचं आहे. कायदा करणाऱ्यांनी आग डोळ्यांसमोर ठेवली होती, मोहरी नाही. भाचीने पहिल्यांदा बटाट्याच्या भाजीला फोडणी दिली आणि तिघंही आपापल्या खोलीतून पासपोर्ट घेऊन बाहेर आले. तेव्हापासून फोडणीचा एक विधी ठरला आहे. आधी पॅसेजचं दार बंद करायचं, मग खिडकी सताड उघडायची, मग जाड कोट, कानटोपी, आणि मग तेल तापायला ठेवायचं. जानेवारीत बाहेर दोन-तीन अंश असतात. कोट घालून, हातात सांडशी घेऊन कढईसमोर उभी असलेली भाची आम्ही कॉलवर पाहिली. तिला बघून गिर्यारोहणाची मोहीम चालली आहे असं वाटावं. त्या कोटाला आता कायमचा जिऱ्याचा वास येतो, आणि बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते हा त्याचा फायदा.

हिंगाचं प्रकरण त्याहून मोठं झालं. डबी उघडली त्या संध्याकाळी जर्मन मुलाने गॅसगळती समजून मालकाला फोन केला. मला याचं नवल एवढ्यासाठी वाटतं, की आखेन हे गंधकाच्या उन्हाळ्यांचं गाव. भर चौकात एलिझेनब्रुनेन नावाची देखणी खांबांची इमारत, आणि तिथल्या नळांतून येणाऱ्या गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास. तो वास घ्यायला लोक तिकीट काढून लांबून येतात, फोटो काढतात. आपल्याकडे वज्रेश्वरीलाही गरम पाण्याची कुंडं आहेत, म्हणून आपण कोणाच्या हिंगाला नावं ठेवत नाही.

खिडकी बंद करून धूर खायचा की खिडकी उघडून थंडी खायची, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या मुलीला नवा नाही. १८६५च्या ३१ मार्चला जन्मलेल्या, कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला राहिल्या तेव्हा त्यांच्या खोलीतली शेकोटी अशी होती, की पेटवली तर खोलीभर धूर आणि न पेटवली तर हाडं गोठवणारी थंडी. अठरा वर्षांची मुलगी, ७ एप्रिल १८८३ला कोलकात्याहून बोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. नऊवारीत पोटऱ्या गारठतात म्हणून तिने गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली, तर त्यावरूनही घरी पत्रापत्री. तिकडे शाकाहार सांभाळायचा, इंग्रजीतून शरीरशास्त्र पाठ करायचं, आणि हे सगळं करून ११ मार्च १८८६ला डॉक्टर व्हायचं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आणि ते विनोदी लेखात येऊ नये.

पण त्यांच्या वाट्याला एक सुख आलं होतं, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्यांना मिळणारा सल्ला महिना-दीड महिना उशिरा पोहोचायचा.

त्यांचे यजमान गोपाळराव जोशी सल्ला देण्यात कमी नव्हते. माणूस तऱ्हेवाईक, पत्रं कधी उपदेशाची, कधी संशयाची, कधी निव्वळ चिडचिडीची. गंमत म्हणजे स्वतः पोस्टात नोकरीला. पण पोस्टातल्या माणसाचं पत्रसुद्धा बोटीनेच जाणार. आनंदीबाईंना ताप आला, हे इकडे कळेपर्यंत ताप उतरलेला असायचा. 'सुंठ घे' हे तिकडे पोहोचेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असायची. मधल्या काळात त्या मुलीला स्वतःच्या डोक्याने वागण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेवटी गोपाळराव स्वतःच अमेरिकेत जाऊन धडकले, तो भाग वेगळा.

आता आमच्या भाचीचं बघा. एकदा कॉलवर बोलता बोलता ती शिंकली. एक शिंक. ताई म्हणाली, "केस धुवून बाहेर गेलीस." भावोजी म्हणाले, "हीटर लावत नाही, बिल वाचवते." मागून मी म्हणालो, "धूळ असेल." कॉल संपेपर्यंत ही शिंक दुसऱ्या मजल्यावर गेली होती. काकूंनी काढ्याचं प्रमाण पाठवलं, तळमजल्यावरच्या काकांनी विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याची माहिती पाठवली, आणि चौथ्या मजल्यावरच्या कोणीतरी सूर्यफुलाच्या चित्रावर सुप्रभात. रात्री ग्रुपवर भाचीचा एक ओळीचा खुलासा आला: "मी मिरपूड दळत होते."

हवामानाचंही तेच. पावसाळ्यात वंदना बस स्टँडपाशी गुडघाभर पाणी साठलेलं, रिक्षा बंद पडलेल्या, आणि काकू बाल्कनीतून ओरडून ताईला विचारतात, "आखेनला पाऊस आहे का गं?"

रविवारी तिकडे दुकानं बंद. बंद म्हणजे बंद, मागच्या दाराने वगैरे काही नाही. बेकऱ्या तेवढ्या सकाळी काही तास उघड्या. कपडे सुकवायचं मशीन लावायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. हे ऐकून नौपाडा हबकला. आमच्याकडे आजूबाजूच्या प्लॉटवर जुन्या इमारती पाडायचं काम रविवारी जोरात चालतं. एकदा भाचीशी बोलताना बाजूच्या प्लॉटवरचा ब्रेकर सुरू झाला. फोनच्या स्पीकरमधून तो आवाज आखेनच्या त्या फ्लॅटमध्ये घुमला, आणि पोर्तुगीज मुलाने दार वाजवून विचारलं, तुझ्या गावी युद्ध सुरू झालंय का? भाची म्हणाली, "नाही, टूबीएचके होतोय."

शनिवारी भाजी आणायची राहिली तर आखेनकर बसने पलीकडे फाल्सला जातात. फाल्स नेदरलँड्समध्ये आहे आणि तिथली दुकानं रविवारी उघडी असतात. म्हणजे आमची भाची कोथिंबिरीच्या जुडीसाठी देश बदलते. हे ऐकून काकूंना भरून आलं. मला मात्र मुलुंड आठवलं. आपल्या गाडीला मुलुंडचा नाका ओलांडायला २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत टोल पडत होता. तिकडे देश ओलांडताना ड्रायव्हर सहसा ब्रेकसुद्धा लावत नाही.

कचऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे ओला आणि सुका, आणि तेवढ्यावरून सोसायटीच्या सभेत माणसं बोलायची बंद झाली आहेत. तिकडे कागद वेगळा, पॅकिंग वेगळं, खरकटं वेगळं, उरलेलं वेगळं, काच आणखी वेगळी आणि तीही रंगाप्रमाणे. चहाच्या एका पिशवीचे किती तुकडे करायचे यावर त्या फ्लॅटमध्ये बैठक झाली. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. भावोजींना हे कळलं तेव्हापासून कॉलवर टेबलावर बाटली दिसली की ते म्हणतात, "पंचवीस रुपये पडलेत बघ तिथे."

तिकडे विद्यार्थ्याला काम करायलाही मुभा आहे: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. भाची एका बेकरीत पहाटे कामावर जाते. तिच्या गिऱ्हाइकांना पाव हवा असतो, पण नुसता पाव म्हणून चालत नाही. राईचा, गव्हाचा, तिळाचा, भोपळ्याच्या बियांचा, कालचा, आजचा. घरी असताना ही मुलगी नऊच्या आधी उठली तर आम्ही नोंद करायचो. पण पहाटे उठण्याचं कौतुक राहिलं बाजूला, इथे प्रश्न उभा राहिला की लोकांना सांगायचं काय. भावोजींनी तोडगा काढला. विचारलं की म्हणतात, "फूड सेक्टरमध्ये अनुभव घेतेय." तळमजल्यावरच्या काकांनी त्यावर विचारलं, "कुठली कंपनी?" भावोजी म्हणाले, "जर्मन." मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. इथे वडापावच्या गाडीमागे जो माणूस उभा असतो त्याच्याइतकं गणित आमच्या इमारतीत कोणाला येत नाही.

भावोजींचा जर्मनीविषयीचा आदर मात्र रेल्वेमुळे बदलला. वाढला की कमी झाला, ते अजून ठरायचंय. त्यांनी तीस वर्षं ठाणे ते सीएसएमटी लोकलने काढली. जर्मनी म्हणजे घड्याळ, असं त्यांना वाटायचं. आणि भाची सांगते, कोलोनला गाडी बदलायची होती, पहिली गाडी चाळीस मिनिटं उशिरा, दुसरी चुकली, तिसरी रद्द. मग भावोजींनी अभ्यास केला. जर्मन रेल्वे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर धरतच नाही. तरीही २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या. आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात येतच नाही, कारण जी आलीच नाही तिला उशीर कसा होणार? हे वाचल्यावर भावोजी दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "हे आपल्या लोकांना सुचलं कसं नाही?" जर्मनीत पहिली गाडी १८३५च्या डिसेंबरात धावली, आपली बोरीबंदर-ठाणे १६ एप्रिल १८५३ला. सतरा वर्षांची पिछाडी होती, ती भरून निघाली असं त्यांचं मत आहे, आणि ते मत ते गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर मांडून आले आहेत.

याच भावोजींनी हॉलमध्ये दुसरं घड्याळ लावलं. एक ठाण्याचं, एक आखेनचं. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेतीन. म्हणजे वर्षातून दोनदा भावोजी स्टुलावर. पहिल्या ऑक्टोबरात त्यांनी घड्याळ मागे न्यायच्या ऐवजी पुढे नेलं आणि आठवडाभर भाचीला पहाटे पाचला फोन गेले. बेकरीमुळे ती जागीच असायची, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात आली नाही. काकूंना हा सगळा प्रकार पटलेला नाही. "वेळ कशी काय मागे जाईल? आणि गेलीच तर व्याज कोणाला?"

मी भाचीला आनंदीबाईंच्या पत्रांचं सांगितलं. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राबद्दल सांगितलं. वाटलं, मुलीला धीर येईल. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, दीड महिना? काय मस्त!" त्या दिवसानंतर ग्रुपवर तिचं वागणं बदललं. ताईचा मेसेज: हिरव्या भाज्या खातेस का? उत्तर नाही. भावोजींचा मेसेज: त्या रेडिओच्या वर्गणीचे पैसे चौघांत वाटून घेता ना? उत्तर नाही. (घरात रेडिओ नसला तरी प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो भरावे लागतात. आमच्याकडे केबलवाला एवढं धाडस करत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने कळवळून विचारलं, तेव्हा उत्तर आलं: "बोट अजून एडनला आहे."

आता सल्ले एडनला साठतात आणि रविवारी संध्याकाळी एकदम पोहोचतात. ती एकच लांबलचक मेसेज लिहिते. प्रिय आई-बाबांस, साष्टांग नमस्कार, इथपासून सुरुवात. तोवर शिंक संपलेली असते, भाजी शिजलेली असते, परीक्षा झालेली असते. पहिला महिना ताईला झोप लागली नाही. मग लागली.

येत्या मे महिन्यात ताई आखेनला निघाली आहे. व्हिसा झाला, नव्वद दिवसांपर्यंत राहता येईल. भावोजी घड्याळं सांभाळायला इथेच थांबणार. परवा भाचीने आईसाठी सूचनांची यादी पाठवली. रात्री दहानंतर मिक्सर नाही. फोडणी मला न विचारता नाही. फ्रिजमधल्या दुसऱ्या कप्प्याला हात लावायचा नाही, तो जर्मन मुलाचा आहे. त्याला "जेवलास का रे" असं विचारायचं नाही, तो गोंधळतो. पोर्तुगीजाची पत्रिका मागायची नाही. खरकटं ब्राऊन डब्यात, कागद निळ्यात. आणि तूप आणायचं नाही, तूप आणायचं नाही, तूप आणायचं नाही.

ताईने यादी वाचली. तिकडे निळ्या खुणा उमटल्या. पाच मिनिटांत भाचीचा फोन: वाचलंस ना? ताईने उचलला नाही. दुसऱ्या मजल्यावरून लोणी कढल्याचा वास जिन्यात पसरला होता. तासाभराने पुन्हा मेसेज आला: आई, कळलं ना सगळं?

ताईने चष्मा लावला आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं, "बोट अजून एडनला आहे."